इथेच लहानाचे मोठे झालेले परके

परदेशी माणसाने गुन्हा केला, शिक्षा भोगली, की त्याला त्याच्या देशात परत पाठवावे, याबद्दल फारसे दुमत नसते. अडचण वेगळ्याच माणसांबाबत येते. असा एखादा माणूस तीन-चार वर्षांचा असताना इथे आणला गेला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, इथेच त्याला मुलेबाळे झाली. ज्या देशाचा तो कागदोपत्री ठरतो, तिथे त्याने कळत्या वयात पाऊलही ठेवलेले नाही. अशा माणसाने चोरी केली, मारामारी केली, तर शिक्षेनंतर त्याचे काय करायचे? त्याचे इथले बालपण जमेस धरायचे की नाही? जगभरच्या न्यायालयांनी गेल्या पंचवीस वर्षांत या प्रश्नाची बरीच उत्तरे दिली आहेत. आपल्याकडे मात्र तो कायद्यात नीट उभाही राहिलेला नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून हा प्रश्न पाहिला तर तो फार जवळचा आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांसाठी केंद्र सरकारने १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प उभा केला. कोरापूट, मलकानगिरी आणि बस्तर हा त्याचा गाभा. १९६४ च्या दंगलींनंतर लोंढा वाढला. तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही सरकारने बंगाली कुटुंबे वसवली, त्यांना कसायला जमिनी दिल्या. आज गडचिरोलीच्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत त्यांची गावेच्या गावे आहेत. चंद्रपूर शहरातली एक वस्ती अजून ‘बंगाली कॅम्प’ याच नावाने ओळखली जाते. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या गोठणगाव-प्रतापगड भागात १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. बंगाली वसाहतींतले बहुसंख्य लोक भारतीय नागरिक आहेत. ते मतदान करतात, निवडणुका लढवतात. त्यांच्याकडे संशयाने पाहायचे काही कारण नाही. पण निर्वासितांच्या वस्तीत एकाच अंगणात वाढलेल्या मुलांना कायदा किती वेगवेगळे वागवू शकतो, हे या पट्ट्यातून स्पष्ट दिसते.

एकाच घरातली तीन भावंडे

एक काल्पनिक कुटुंब घेऊ. थोरला १९७५ साली बांगलादेशातल्या खुलन्यात जन्मला. चार वर्षांचा असताना आईवडील त्याला घेऊन मुलचेऱ्याकडच्या नातेवाइकांकडे आले. मधली मुलगी १९८४ साली गावातच झाली, धाकटा १९९० साली. आईवडिलांना नागरिकत्व कधीच मिळाले नाही.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला जवळपास प्रत्येक जण जन्मानेच नागरिक आहे, आईवडील कुणीही असोत. म्हणजे मधली मुलगी भारतीय. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याच्या आईवडिलांपैकी एक तरी नागरिक असावा लागतो. म्हणजे धाकटा भारतीय नाही, जरी तो त्याच गावात जन्मला असला तरी. ३ डिसेंबर २००४ नंतर अट आणखी कडक झाली: एक पालक नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. थोरला तर सरळच बेकायदा स्थलांतरित ठरतो, कारण तो वैध कागदपत्रांविना आला. तो आला म्हणणेही खरे तर चूक. त्याला आणले गेले.

शाळा एक, शेत एक, घरातली भाषा एक. पण एक बहीण कायमची सुरक्षित आणि दोन भाऊ कायमचे टांगणीला. हा फरक कुणाचे बालपण कुठे गेले यावरून पडलेला नाही. तो जन्मतारीख आणि जन्मस्थळ यांवरून पडला आहे.

तिबेटी मुलांनाही हाच हिशेब लागू होतो. हिमाचलात १९८६ साली जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीला पासपोर्ट नाकारला गेला, कारण तिने स्वतःची नोंद तिबेटी निर्वासित म्हणून केली होती. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली नामग्याल डोल्कर खटल्यात सांगितले की १९८७ पूर्वी इथे जन्मलेली व्यक्ती जन्मतः नागरिकच आहे, आणि असे नागरिकत्व एखाद्या फॉर्मवरच्या नोंदीने जात नाही. नॉर्ग्येलिंगमध्ये १९८६ साली जन्मलेल्याला हा निकाल उपयोगी पडतो. १९८८ साली जन्मलेल्याला नाही.

२०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने आणखी एक वाट उघडली. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पूर्वी आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. नियम मार्च २०२४ मध्ये आले. आपल्या कुटुंबातला थोरला हिंदू असेल तर त्याला ही वाट मोकळी आहे. तो मुसलमान असता, आणि त्याच वयात त्याच गावात आला असता, तर नसती. अर्जदाराच्या वर्तणुकीची हमी एका भारतीय नागरिकाने प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते, म्हणजे गुन्ह्याचा प्रश्न इथेही डोकावतोच. या कायद्यात धर्म मोजला जातो, प्रवेशाची तारीख मोजली जाते. तो किती वर्षांचा असताना आला, हे मात्र कुणी विचारत नाही.

हद्दपारीच्या दारात बालपण मोजत नाहीत

नागरिकत्वाचे दार बंद झाले की दुसरे दार लागते ते हद्दपारीचे. इथे भारतीय कायद्याची भूमिका जुनी आणि ठाम आहे. १९५५ साली हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की परकीयाला देशाबाहेर घालवण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे आणि राज्यघटना त्याला मर्यादा घालत नाही. १९९१ साली लुई द राएट या बेल्जियन मिशनऱ्याचे प्रकरण आले. तो १९३७ पासून भारतात होता. पन्नासहून अधिक वर्षांच्या वास्तव्यानेही त्याला राहण्याचा हक्क मिळाला नाही. न्यायालय म्हणाले, परकीयाला अनुच्छेद २१ चे संरक्षण आहे, म्हणजे जीवित आणि स्वातंत्र्याचे. देशात राहण्याचे नाही. रोहिंग्यांच्या प्रकरणात २०२१ साली हीच भूमिका पुन्हा मांडली गेली: हद्दपार न होण्याचा हक्क अनुच्छेद १९ मधल्या देशात राहण्याच्या हक्काला जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांचा आहे.

गोव्याचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे. १९६१ नंतर गोव्याच्या रहिवाशांना भारतीय नागरिकत्व मिळाले. ज्यांना पोर्तुगीज राहायचे होते त्यांनी तसे कळवायचे होते. मोन्तेरो नावाच्या एका धर्मगुरूने पोर्तुगीज राहणे पसंत केले. राहण्याच्या परवान्याची मुदत नोव्हेंबर १९६४ मध्ये संपली, त्याने नूतनीकरण केले नाही आणि देश सोडण्याचा आदेश पाळला नाही. त्याला ३० दिवसांची कैद आणि ५० रुपये दंड झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली तो कायम केला. ज्या भूमीत तो राहत होता, तिथेच राहणे हा त्याचा गुन्हा ठरला. पण मोन्तेरोने प्रौढ वयात, विचारपूर्वक निवड केली होती. मुलाला अशी निवड कुणी विचारत नाही.

मुलाचेही एक प्रकरण आहे. केरळातला एक मुलगा १९४८ साली, सुमारे १२ वर्षांचा असताना, कराचीला गेला. पुढे पाकिस्तानी पासपोर्टवर परतला आणि परकीय नागरिक कायद्याखाली त्याच्यावर खटला झाला. फाळणीच्या काळात पाकिस्तानात ‘स्थलांतर’ केलेल्याला राज्यघटनेचा अनुच्छेद ७ नागरिक मानत नाही. कुलाथिल मम्मू खटल्यात १९६६ साली न्यायालयाने बहुमताने ठरवले की कायमचे राहण्याचा इरादा नसला तरी जाणे म्हणजे स्थलांतरच. जन्म इथला आणि पहिली १२ वर्षेही इथली, पण ती जमेस धरली गेली नाहीत. अल्पवयीनाचा अधिवास वडिलांच्या अधिवासामागून जातो, हा आपल्याकडे रुजलेला जुना सिद्धांत आहे. त्यामुळे मुलाचे राहणे हे त्याचे स्वतःचे राहणे मानलेच जात नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची जागा नव्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायद्याने घेतली. आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार याही कायद्यात त्या माणसावरच आहे, आणि वैध कागदपत्रांशिवाय प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. लहानपणी आणलेल्यांसाठी हद्दपारीच्या वेळी वेगळा विचार करण्याची तरतूद त्यात नाही. आंतरराष्ट्रीय नागरी हक्क करारात भारत १९७९ साली सामील झाला तेव्हाही परकीयांच्या हद्दपारीबाबतच्या अनुच्छेद १३ ला त्याने राखीव सूचना जोडली: आम्ही आमचाच कायदा लावू.

आपल्याच न्यायालयांत यातून बाहेर पडण्याची एक चिंचोळी वाट दिसते. १९६४ च्या सुमारास पूर्व पाकिस्तानातूनच आलेल्या चकमा निर्वासितांना अरुणाचलातून हुसकावण्याच्या धमक्या सुरू झाल्या, तेव्हा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९६ च्या निकालात न्यायालयाने राज्याला त्यांचे रक्षण करण्याचा आणि नागरिकत्वाचे अर्ज केंद्राकडे पाठवण्याचा आदेश दिला. दीर्घ वास्तव्याला दिलेला हा मान होता. पण तो नागरिकत्वाच्या दाराशी दिला गेला, हद्दपारीच्या नव्हे.

तडीपाराला जे मिळते तेही नाही

तुलनेसाठी फार दूर जायला नको. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ५५ ते ५७ कलमांनुसार गुन्हेगाराला जिल्ह्यातून तडीपार करता येते. आधी नोटीस द्यावी लागते, म्हणणे ऐकावे लागते, वर अपील आहे, आणि मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. जालन्याच्या दीपक डोंगरे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले की तडीपारी हा असाधारण उपाय आहे आणि अधिकाऱ्याने डोके चालवल्याचे आदेशातून दिसले पाहिजे. म्हणजे नागरिकाला गडचिरोलीतून दोन वर्षे चंद्रपुरात पाठवायचे तर कारणे द्यावी लागतात. पण त्याच गावात वाढलेल्या, नागरिक नसलेल्याला कायमचे अनोळखी देशात पाठवायचे तर त्याच्या बालपणाचा, कुटुंबाचा, शिक्षा भोगून झाल्याचा विचार करण्याचे बंधन कायद्यात लिहिलेले नाही.

गुन्ह्याच्या गांभीर्याचाही प्रश्न आहे. गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचा जिल्हा आहे. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. वैनगंगेच्या अलीकडे बाटली बाळगणे हा गुन्हा, पलीकडे नाही. सागवानाची लाकडे तोडून नेणारा आणि बलात्कार करणारा, दोघेही ‘गुन्हेगार परकीय’. दोघांना एकाच मापाने मोजले तर कायदा आंधळाच म्हणायचा.

बालपण सिद्ध करता येत नाही, ही सबबही टिकत नाही. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी १५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जातीच्या पडताळणीत शाळेची दाखल-खारीज नोंदवही आणि कोतवाल बुक तपासतात. २००६ च्या वनहक्क कायद्यात तर वास्तव्य हाच पाया आहे: आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे वास्तव्य पुरते, इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे. याच कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलावरचा हक्क ठरवताना सरकारी यंत्रणा पिढ्यान्‌पिढ्यांचा रहिवास मोजू शकते. मग माणसाला देशाबाहेर काढताना बालपणीची पंधरा वर्षे मोजणे तिला जड का जावे?

युरोपातली मोजपट्टी

युरोपात हा विचार सर्वांत पुढे गेला तो मास्लोव विरुद्ध ऑस्ट्रिया या खटल्यात. बल्गेरियन मुलगा सहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर कायदेशीर मार्गाने ऑस्ट्रियात आला. चौदा-पंधराव्या वर्षी त्याने घरफोड्या केल्या, बहुतेक गुन्हे हिंसेविना. त्याला दहा वर्षांची प्रवेशबंदी झाली. २००८ साली युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो आदेश चुकीचा ठरवला. ज्याचे बालपण आणि तारुण्य मुख्यतः त्या देशात कायदेशीरपणे गेले, त्याला हाकलायचे तर फार गंभीर कारणे हवीत. गुन्हे अल्पवयात केलेले असतील तर आणखीच. इथला ‘कायदेशीरपणे’ हा शब्द महत्त्वाचा. आपल्या कुटुंबातल्या थोरल्याला तो युरोपातही अडवेल.

ब्रिटनमध्ये १२ महिने किंवा अधिक शिक्षा झालेल्या परकीयाची हद्दपारी २००७ च्या कायद्याने आपोआप ठरते. तिला एक अपवाद आहे तो आयुष्याचा बहुतेक काळ कायदेशीरपणे तिथे गेलेल्याला, जो तिथल्या समाजात मिसळला आहे आणि मूळ देशात रुजताना ज्याला फार मोठे अडथळे येतील. चार वर्षे किंवा अधिक शिक्षा असेल तर हा अपवादही अपुरा. फ्रान्सने २००३ साली तेराव्या वर्षाआधीपासून तिथे राहणाऱ्यांना जवळजवळ पूर्ण संरक्षण दिले. जानेवारी २०२४ च्या कायद्याने ते बरेच सैल केले. म्हणजे वारे एकाच दिशेने वाहत नाहीत.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव बोलका आहे. निस्ट्रॉम नावाचा माणूस स्वीडनमध्ये जन्मला आणि २७ दिवसांचा असताना ऑस्ट्रेलियात आला. गुन्ह्यांमुळे त्याचा व्हिसा रद्द झाला आणि २००६ साली त्याला स्वीडनला पाठवले गेले. स्वीडिश भाषा त्याला येत नव्हती. २०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने ऑस्ट्रेलिया हाच त्याचा स्वतःचा देश असल्याचे सांगून ही हद्दपारी चुकीची ठरवली. दुसरे प्रकरण आपल्या आदिवासी पट्ट्याने लक्षात ठेवावे असे. लव्ह आणि थॉम्स हे दोन आदिवासी वंशाचे पुरुष परदेशात जन्मलेले, ऑस्ट्रेलियात वाढलेले, मारहाणीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले. २०२० साली ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवले की नागरिक नसले तरी आदिवासी ऑस्ट्रेलियन माणूस ‘परकीय’ ठरू शकत नाही. भूमीशी असलेले नाते पासपोर्टाच्या आधीचे आहे, असे या निकालाने मान्य केले.

परत आलेल्या आपल्या मुली

या प्रश्नाची दुसरी बाजू आपणही पाहतो, कारण काही वेळा हद्दपार होऊन माणसे भारतात येतात. मुंबईच्या एका संस्थेतून १९८९ साली एक लहान मुलगी अमेरिकेत दत्तक गेली. दत्तक कुटुंबांत तिची परवड झाली, नागरिकत्वाचे कागद कुणी पूर्ण केले नाहीत. मोठेपणी अमली पदार्थ बाळगल्याबद्दल शिक्षा झाली आणि २००८ साली तिला मुंबईला पाठवून दिले गेले. तिची मुले तिकडेच राहिली. परदेशातून दत्तक आलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा अमेरिकेने २००० साली केला; तो फेब्रुवारी २००१ मध्ये लागू झाला तेव्हा ज्यांनी १८ ओलांडले होते, ती मुले बाहेरच राहिली. मुंबईत तिची भाषा, तिचे शिक्षण, तिची माणसे, काहीच इथले नव्हते.

अमेरिकेत १९९६ च्या कायद्यांनी हद्दपारीला कारण ठरणाऱ्या गुन्ह्यांची यादी वाढवली. दीर्घकाळ राहिलेल्या ग्रीन कार्डधारकाला सात वर्षांच्या वास्तव्यावर सूट मागता येते, पण बऱ्याच गुन्ह्यांना ती मिळत नाही आणि काही गुन्ह्यांमुळे त्या वर्षांची मोजणीच थांबते. लहानपणी आलेल्यांसाठी वेगळी सूट नाही. त्यामुळे पुण्या-नागपुरातून एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या कुटुंबांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. ग्रीन कार्डच्या रांगेत २१ वर्षे पूर्ण करणारी मुले आईवडिलांच्या व्हिसातून बाहेर पडतात. पोरवयातली एखादी चूक त्यांना सोबतच्या अमेरिकन मुलापेक्षा कितीतरी महाग पडू शकते. कॅनडात ओटावाला १९८९ साली जन्मलेल्या एका तरुणाचे आईवडील भारतीय उच्चायुक्तालयात नोकरीला होते. शिक्षा झाल्यावर कॅनडाने सांगितले, आईवडिलांच्या या नोकरीमुळे तो कधीच नागरिक नव्हता. भारत म्हणाला, तो आमचाही नाही.

विरोधी बाजू

बालपणाला वजन देऊ नये, असे म्हणणाऱ्यांचे मुद्दे उडवून लावण्यासारखे नाहीत. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याला गुन्हेगाराच्या बालपणाचे काय? बेकायदा आलेल्याला सूट दिली तर मुले घेऊन येणाऱ्यांना प्रोत्साहन मिळणार नाही का? आणि नागरिक ठरवणे हा राज्याचाच अधिकार नाही का?

पहिल्याचे उत्तर असे की शिक्षा गुन्ह्याची असते आणि ती झालेली असते. हद्दपारी ही शिक्षेवरची शिक्षा आहे आणि ती नागरिक गुन्हेगाराला होत नाही. गुन्हा फारच भयंकर असेल तर गांभीर्याचे पारडे जड होऊ द्यावे. दुसऱ्याचे उत्तर असे की चार वर्षांच्या मुलाने सीमा ओलांडण्याचा निर्णय घेतलेला नसतो. २०१५ चा बालन्याय कायदा तर मुलाने स्वतः केलेल्या बहुतेक गुन्ह्यांची छाया पुढच्या आयुष्यावर पडू देत नाही. आईवडिलांच्या कृत्याची छाया मात्र पडते, हे विसंगत आहे. तिसरा मुद्दा मान्यच. म्हणून तर मागणी अभयाची नाही, विचार करण्याची आहे.

घिसाडघाईची किंमत आपण पाहिलीच आहे. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकलले गेले; ते भारतीय असल्याचे ठरल्यावर परत आणावे लागले. बंगाली बोलतो म्हणून बांगलादेशी, हा समज मुलचेऱ्याच्या गावांनाही परवडणारा नाही. आणि समोरचा देश आपला म्हणून स्वीकारत नसेल, तर हद्दपारीचा आदेश म्हणजे मुदत नसलेली कैदच.

काय करता येईल

कायदा न बदलताही बरेच करता येते. गृह मंत्रालयाने हद्दपारीचा आदेश काढण्यापूर्वी चार गोष्टींची नोंद सक्तीची करावी: तो किती वर्षांचा असताना आला, शाळा कुठे झाली, गुन्हा अल्पवयातला आहे का आणि किती गंभीर, आणि ज्या देशात पाठवायचे तिथे त्याचे कोण उरले आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत सापडतात. पुढे कायदा बदलायचा तर हद्दपारीच्या आदेशाला तडीपारीइतके तरी अपील असावे. लहानपणी आणलेल्यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि मग नोंदणीने नागरिकत्व, अशी वाट धर्म न विचारता उघडली तर हद्दपारीची वेळ क्वचितच येईल. नोंदणीसाठी ग्रामपंचायतीचे आणि महसूल खात्याचे कर्मचारी गावात आहेतच.

युरोपचे न्यायालय आणि ऑस्ट्रेलियाचे न्यायाधीश वेगवेगळ्या मार्गांनी एकाच ठिकाणी पोहोचले. माणूस ज्या समाजात घडतो, त्या समाजाचा त्याच्या चांगल्या-वाईटात वाटा असतो. मुलचेऱ्याच्या शाळेत शिकून बिघडलेला मुलगा मुलचेऱ्यानेच घडवलेला असतो. खुलन्याने त्याला काही शिकवलेले नाही. त्याला शिक्षा द्यायची ती इथल्या तुरुंगात, आणि सुधारायचे तेही इथेच. सीमेपलीकडे ढकलल्याने गुन्हा कमी होत नाही. आपली जबाबदारी तेवढी दुसऱ्याच्या गळ्यात पडते.